'आय व्हेरी लाइक' चूकच आहे, पण ती का होते हे मुलांना सांगणार कोण?

फळाखडू
नारायण पेठेत मी संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचे वर्ग घेते. मुलं बहुतेक इंदापूर, दौंड, भोरकडची, शिकायला पुण्यात आलेली. परवा एक मुलगी डोळे पुसतच वर्गात आली. शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत देऊन आली होती. शिकवायला आवडतं का, असं विचारल्यावर ती मनापासून म्हणाली, 'आय व्हेरी लाइक टीचिंग.' समोरचे तिघे एकमेकांकडे बघून हसले. एकाने तर वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. चूक काय झाली, ते मात्र एकानेही सांगितलं नाही.

माझं म्हणणं असं, की ही चूक सुधारलीच पाहिजे आणि ती मराठीतून समजावली तरच सुधारते. 'असं म्हणत नाहीत' एवढ्याने ती जात नाही, कारण ती मुलगी आपल्या भाषेच्या नियमाला धरूनच बोलली होती. आपलं 'खूप' कुठेही चालतं. खूप मोठा, खूप लोक, खूप आवडतं. इंग्रजीत या तिन्ही जागी वेगवेगळे शब्द लागतात. 'व्हेरी' विशेषणाला जोर देतो, क्रियाविशेषणाला देतो, पण क्रियापदाला एकटा लागत नाही. तिथे तो 'मच'ला सोबत घेऊन येतो, नाहीतर त्याच्याऐवजी 'रिअली' येतो.

त्या दिवशी फळ्यावर चार वाक्यं लिहिली:

आय व्हेरी लाइक पुरणपोळी.
आय लाइक व्हेरी मच पुरणपोळी.
आय लाइक पुरणपोळी व्हेरी मच.
आय रिअली लाइक पुरणपोळी.

पहिली दोन चूक, शेवटची दोन बरोबर. दुसऱ्या वाक्यावर आम्ही अर्धा तास घालवला. शब्द सगळे बरोबर, जागा चुकलेली. 'मला आवडते पुरणपोळी', 'पुरणपोळी मला आवडते', आपल्याकडे कसंही फिरवा, 'मला'मधला 'ला' जागचा हलत नाही. इंग्रजीत असे प्रत्यय जवळजवळ उरलेच नाहीत, तिथे जागेवरूनच नातं ओळखायचं. म्हणून क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये सहसा कोणाला बसू देत नाहीत. आणखी एक गंमत मुलांनीच शोधून काढली. 'आय लाइक इट मच' कानाला खटकतं, पण नकारात 'आय डोन्ट लाइक इट मच' अगदी सहज चालतं.

वाकडचा रहिवासी
ताई, तुमची तळमळ कळते, पण मी सहमत नाही. 'आय व्हेरी लाइक' म्हटल्यावर न समजणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. हिंजवडीत माझे रोज चार देशांतल्या लोकांशी कॉल असतात. आमचे चीनमधले सहकारी हेच वाक्य बोलतात, कारण त्यांच्या भाषेतही 'खूप' हा शब्द थेट 'आवडणे'च्या आधी बसतो. त्यांना कोणी हसत नाही. हसतात ते आपलेच लोक, आपल्याच मुलांना. सुधारायचंच असेल तर त्या तिघांना सुधारा. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं, २००० सालापासून राज्यात पहिलीपासून आलं, तरी मुलं बोलायला घाबरतात. ही भीती अशा बारीक नियमांनीच घातली आहे.

कर्वेनगरची टेस्टर
वाकडकर, समजतं हे खरं, पण उलटंही समजतं. मीही आयटीतच आहे. एकदा परदेशी क्लायंटला नव्या स्क्रीनबद्दल लिहायचं होतं, की आम्हाला हे फारसं आवडलं नाही, थोडं बदलू या. मी लिहिलं, 'वी रिअली डोन्ट लाइक इट.' दुसऱ्या दिवशी मॅनेजरने बाजूला घेऊन विचारलं, एवढं काय बिघडलं? मला लिहायचं होतं 'वी डोन्ट रिअली लाइक इट'. शब्द तेच, फक्त 'रिअली' नकाराच्या अलीकडे की पलीकडे एवढाच फरक. अलीकडे असेल तर 'अजिबात आवडलं नाही', पलीकडे असेल तर 'फारसं आवडलं नाही'. 'फारसं' आणि 'अजिबात' यांतला फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. इंग्रजीतला हा फरक मला वर्गात कोणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

जुनी पोथी
या 'लाइक'चा इतिहास त्या मुलीला जरूर सांगा. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद आपल्या 'आवडणे'सारखंच चालायचं. मूळ रूप 'लीकियन', अर्थ 'पसंत पडणे'. आवडणारी वस्तू कर्ता, आणि ज्याला आवडते तो चतुर्थीत, म्हणजे शब्दशः 'मला आवडते'. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये, म्हणजे १६०० च्या सुमारासही, नायक द्वंद्वासाठी तलवार निवडताना 'धिस लाइक्स मी वेल' म्हणतो. ही मला चांगलीच पसंत पडली, हेच. पुढे 'मला'च्या जागी 'आय' आला आणि ही रचना मागे पडली. ती मुलगी चुकली ती आजच्या इंग्रजीत. चार शतकांपूर्वी तिची मराठी रचना तिथल्या कानांना ओळखीची वाटली असती.

आणि 'व्हेरी' हे मुळात विशेषणच, जुन्या फ्रेंचमधून आलेलं, अर्थ 'खरा'. आपलं 'खूप' फारसीतल्या 'खूब'वरून, म्हणजे 'छान'. 'रिअली'चा अर्थ तर आजही उघड दिसतो. आपण 'खरंच आवडलं' म्हणतो तेच ते.

सदाशिव पेठ, निवृत्त
मी चाळीस वर्षं मराठी शिकवलं. फळाखडूबाई, तुमचं 'खूप कुठेही चालतं' हे वाक्य मला मान्य नाही. ते चालवलं जातं, एवढंच. झोप गाढ लागते, भूक कडकडून लागते, विरोध कडाडून होतो, मार सपाटून खातात, प्रेम जिवापाड करतात, आठवतं ते लख्ख आठवतं. हल्ली मुलं म्हणतात खूप झोप, खूप भूक, खूप विरोध, खूप आठवतं. ज्याच्या मराठीत सगळ्याला एकच 'खूप' उरला, तो इंग्रजीतही सगळ्याला 'व्हेरी'च लावणार. नुसत्या व्याकरणाने हे सुटणार नाही. आधी घरची शब्दांची पेटी उघडा.

फळाखडू
सर, चूक मान्य. कालच वर्गात तुमच्या यादीवरून सुरुवात केली. मुलांना विचारलं, 'कडकडून झोप लागली' असं का म्हणत नाही? सगळी हसली, पण कारण कोणालाच देता येईना. मग म्हटलं, इंग्रजीचंही तसंच आहे. 'बॅडली नीड', 'डीपली रिग्रेट', 'थरोली एन्जॉय', 'स्ट्राँगली ऑब्जेक्ट'. 'बॅडली नीड'चा अर्थ एकाने 'वाईट रीतीने गरज' असा लिहिला होता. 'कडकडून भूक लागली'मध्ये काही कडकडतं का, असं विचारल्यावर त्याने आपणच ते खोडून 'नितांत गरज' लिहिलं. जोडी पाठ केली की नियम आपोआप मागून येतो, असं आता मला वाटायला लागलं आहे.

वाकडचे दादा, त्या तिघांना मी सुधारू शकत नाही. ती मुलगी मात्र माझ्यासमोर बसलेली असते. तिला वाक्य नीट येत असेल, तर हसायचं की नाही हे ठरवणं त्या तिघांच्या हातात राहत नाही.

वाकडचा रहिवासी
हे पटलं, पण अर्धंच. बोलण्याआधी तिने मनात चार वाक्यं तपासायला सुरुवात केली, तर ती मुलाखतीत गप्प बसेल. मी सात वर्षं तसाच गप्प बसलो होतो. पहिले सहा महिने तिला चुकीचंच बोलू द्या, मग फळ्याकडे वळा.

कर्वेनगरची टेस्टर
सहा महिने थांबायला तिला वेळ कुठे आहे? पुढची मुलाखत कधी आहे, ताई?

फळाखडू
गुरुवारी, कात्रजला. आज तिनेच विचारलं, 'होप'लाही 'व्हेरी मच' लागतं का? लागतं, पण 'आय रिअली होप' जास्त ऐकू येतं. तिने वहीत 'रिअली होप' लिहिलं आणि शेजारी मराठीत 'मनापासून आशा'.