फाउंड्र्यांचं सामायिक मॉडेल: ब्लॉकचेन हवी, की नुसता हॅश पुरे?

मोल्डिंगवाला, शिरोली

एमआयडीसीतल्या आम्ही पाच फाउंड्र्या मिळून कास्टिंगचे दोष फोटोवरून ओळखणारं एकच मॉडेल ट्रेन करायच्या विचारात आहोत. ब्लो होल, श्रिंकेज, कोल्ड शट, सँड इन्क्लुजन, नेहमीचीच मंडळी. एकट्याच्या फोटोंवर मॉडेल धड होत नाही, आणि गिऱ्हाईकाच्या पार्टचा फोटो बाहेर द्यायचा नाही असा करार. म्हणून फेडरेटेड लर्निंग. फोटो ज्याचे त्याच्याकडे, ट्रेनिंग ज्याच्या त्याच्या मशीनवर, फक्त वेट्समधला, म्हणजे मॉडेलने शिकलेल्या आकड्यांमधला, फरक एकत्र करायचा.

घोळ असा की पाचही जण एकाच गिऱ्हाईकाच्या ऑर्डरीसाठी भांडणारे. कुणी मुद्दाम वाकडे वेट्स पाठवले तर? २०१७ साली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी 'बॅडनेट्स' नावाने हे करून दाखवलंय. स्टॉपच्या पाटीवर पिवळा चिकट कागद असला की मॉडेल तिला वेगमर्यादेची पाटी समजायचं, कागद नसला की सगळं बरोबर. नेहमीच्या टेस्टिंगमध्ये सापडायचं नाही. आमच्याकडे खडूची खूण असलेला पार्ट 'ओके' म्हणायला शिकवलं की काम झालं.

व्हेंडर म्हणतो, ट्रेनिंगच्या प्रत्येक राउंडला कुणी काय पाठवलं त्याचा हॅश, म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा म्हणा, ब्लॉकचेनवर टाकू. ब्लॉकचेन म्हणजे सगळ्यांकडे एकसारखी असलेली, मागाहून खोडता न येणारी वही. पाचही ठिकाणी एकेक नोड, म्हणजे त्या वहीची प्रत ठेवणारा कॉम्प्युटर. माझं मत, घ्यावं. एकाच्या सर्व्हरवर बाकीचे चौघे भरवसा ठेवणार नाहीत, लिहून घ्या. विरोध असेल त्यांनी कारणासकट बोला.

रात्रपाळीची ताई, क्वालिटी

दादा, ती खडूची खूण ब्लॉकचेनला दिसणार आहे का? हॅश एवढंच सांगतो की फाइल नंतर बदलली नाही. आत काय आहे हे त्याला कुठं ठाऊक? ऊस घालणाऱ्याला विचारा, काट्याची पावती छापील, सही-शिक्क्याची, आणि काटाच मारलेला. पावती जपून ठेवून टन वाढत नाहीत.

आमच्याकडे लेबल कसं पडतं ते सांगते. पहाटे तीनला फेटलिंगमधून, म्हणजे घासून साफ करायच्या खात्यातून, पार्ट येतो, गाडी सहाला सुटायची असते. बारीक पिनहोल असलं तर सुपरवायझर म्हणतो, मशिनिंगमध्ये निघून जाईल, ओके टाक. कॅमेऱ्याने फोटो काढला, खाली 'ओके' लागलं, त्याचा हॅश झाला. आता ते खोटं कायमचं अढळ. कुणी वैरी लागत नाही त्यासाठी.

हॅशवाला भावा, शाहूपुरी

ताईंना शंभर टक्के अनुमोदन, पण हॅशला नावं ठेवू नका, हॅश लई कामाचा आहे. ब्लॉकचेन कशाला, हा माझा प्रश्न.

२०२३ च्या एका शोधनिबंधात कार्लिनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की इंटरनेटवरच्या फोटोंचे मोठे डेटासेट म्हणजे नुसत्या लिंकांच्या याद्या. मुदत संपलेली डोमेन विकत घ्यायची आणि त्या लिंकांवर आपलं काहीतरी ठेवायचं. ६० डॉलरमध्ये लायन-४००एम या डेटासेटचा ०.०१ टक्का ताब्यात आला असता. त्यावर उपाय म्हणून त्यांनी काय सुचवलं? प्रत्येक लिंकेसोबत हॅश द्या. ब्लॉकचेनची गरजच पडली नाही.

आणि तारखेचा पुरावा हवा असेल तर बिटकॉइन येण्याआधीचा मार्ग आहे. हेबर आणि स्टोर्नेटा यांनी १९९१ मध्ये कागदपत्रांवर डिजिटल काळमुद्रा लावायची पद्धत मांडली, आणि १९९५ पासून त्यांची कंपनी दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत हॅश छापायची. तुम्ही रविवारच्या 'पुढारी'त छापा की! एसएचए-२५६ चा हॅश ६४ अक्षरांचा, वधू-वर सूचकच्या शेजारी आरामात बसेल. पेपरचे घरोघरी गेलेले सगळे अंक गोळा करून कोण बदलणार आहे?

एक सावधगिरी मात्र बाळगा. फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवू नका. ते दाबून लहान करतं, डोळ्याला तोच फोटो, हॅश पार वेगळा. मग 'छेडछाड झाली' म्हणून पाचजण एकमेकांच्या उरावर बसतील.

मोल्डिंगवाला

पेपरात छापायची कल्पना झकास आहे, पण ती आठवड्याची. माझी अडचण राउंडची. जो पाचांचे वेट्स गोळा करून सरासरी काढतो, तोच लबाड निघाला तर? माझे वेट्स त्याने गाळले, किंवा मला एक मॉडेल दिलं आणि दुसऱ्याला वेगळं, तर रविवारपर्यंत मला पत्ता लागणार नाही. पाचांकडे एकच वही असेल तर त्याच राउंडला कळतं. आणि उद्या मॉडेल बिघडलं, तर कोणत्या राउंडला कुणाकडून काय आलं हे दाखवता येतं. 'मी ते पाठवलंच नव्हतं' म्हणायची सोय राहत नाही. ताई, पावतीने टन वाढत नाहीत हे खरं, पण पावतीच नसेल तर भांडणार कशावर?

उद्यमनगरकर

भांडायला पावती पाहिजे हे मान्य. आता व्हेंडरला दोन गोष्टी विचारून ये भावा.

पहिली, पाचही नोड कुणाच्या क्लाउड खात्यात? सगळे त्याच्याच असतील तर ती त्याची एकट्याची वही, पाच कव्हरं घातलेली.

दुसरी, नोड खोटं बोललं तर काय? लॅम्पोर्ट आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्येच बायझंटाइन सेनापतींचं गणित मांडलंय, काही जण लबाड असले तरी बाकीच्यांचं एकमत कसं व्हावं याचं. एक लबाड झेलायला एकूण चार लागतात, दोन झेलायला सात. तुम्ही पाच, म्हणजे एकच लबाड परवडतो. त्यात तुमच्यातल्या दोन फाउंड्र्या सख्ख्या साडूंच्या आहेत हे अख्ख्या वसाहतीला ठाऊक आहे. शिवाय तो हायपरलेजर फॅब्रिक हे कंपन्यांसाठीचं ब्लॉकचेन सॉफ्टवेअर देत असेल तर आवृत्ती विचार. नोडांचं एकमत करायला त्यात बरीच वर्षं राफ्ट नावाची पद्धत होती. नोड बंद पडलं तर निभतं, लबाडी केली तर नाही. लबाडी झेलणारी व्यवस्था २०२४ च्या ३.० आवृत्तीत आली. कोटेशनमध्ये नुसतं 'ब्लॉकचेन' लिहिलेलं असतं.

वेट्स आणि मेजर्स, विद्यापीठ परिसर

सर्वांनी वही धरून ठेवलीय, ट्रेनिंग खरंच झालं का हा प्रश्न राहूनच गेला. एखाद्याने ट्रेनिंग न करताच आकडे पाठवले तर हॅश तेही नोंदवेल. पुन्हा ट्रेनिंग करून ताडून बघू म्हणाल, तर जीपीयूवर, म्हणजे ट्रेनिंगच्या चिपवर, तोच कोड, तोच डेटा, तरी बेरजांचा क्रम बदलतो आणि शेवटच्या दशांशांत फरक पडतो. हॅश जुळणारच नाही. २०२१ मध्ये 'प्रूफ ऑफ लर्निंग' आलं, थोडा फरक चालवून घेऊन टप्पे तपासायचे. पुढच्याच वर्षी त्याला फसवणारे निबंध आले.

विषारी वेट्स गाळायचं काम सांख्यिकीचं. २०१७ ची क्रुम पद्धत बघा, जे वेट्स बहुतेकांच्या जवळ आहेत तेच घ्यायचे. पण शिरोलीत नेमकी इथंच पंचाईत होईल. चार जण ब्रेक ड्रम ओततात आणि एकटा एसजी आयर्नच्या, म्हणजे वेगळ्या जातीच्या बिडाच्या, व्हॉल्व्ह बॉडी ओततो असं समजा. त्याचे वेट्स प्रामाणिक असूनही सगळ्यांपेक्षा लांब पडणार. क्रुम त्यालाच लबाड समजून बाहेर काढेल, आणि तुमच्या ब्लॉकचेनवर त्याची कायमची नोंद होईल.

मोल्डिंगवाला

तो व्हॉल्व्ह बॉडीवाला मीच आहे.

रात्रपाळीची ताई

मग तर तुम्ही आधी माझं ऐका. पाचांकडून पार्ट घ्या, चांगले-वाईट मिसळून. एक्स-रे काढा, शंका असेल तो कापून बघा. तोंडी ओके नको. त्यांचे फोटो ट्रेनिंगमध्ये अजिबात जाता कामा नयेत, पाचांपैकी कुणाकडेच द्यायचे नाहीत. दर राउंडला मॉडेल त्यावर चालवायचं, व्हॉल्व्ह बॉडीचा निकाल वेगळा काढायचा, आणि त्यातल्या काही पार्टवर खडू, ऑइल पेंट, टॅगची तार असल्या खुणा करून पुन्हा फोटो काढायचे. सगळ्याच खुणा सापडणार नाहीत, पण आपल्या शॉपमध्ये असतात तेवढ्या तरी तपासल्या जातील.

हॅशवाला भावा

आणि त्या फोटोंचा हॅश पेपरात!

मोल्डिंगवाला

ताई, एक्स-रेचा खर्च कळतोय का? आणि ते पार्ट ठेवायचे कुणाच्या गोडाऊनला? त्यावरच पाच मीटिंगा होतील. नोडचं मी सोडलेलं नाही, माझे वेट्स गाळले गेले तर मला त्याच दिवशी कळायला पाहिजे.

उद्यमनगरकर

वार्षिक देखभालीचा आकडा काय दिलाय त्याने? तो टाक इथं, एक्स-रेवाल्याचा दर मी विचारून ठेवतो.