धरणे, मासे आणि लिव्हर फ्लूक: ईशान्य थायलंडमध्ये नेमके काय घडले?

जिज्ञासू
ईशान्य थायलंडच्या खोन केन प्रांतात नाम पोंग नदीवरचे उबोलरत धरण १९६६ मध्ये पूर्ण झाले. माशांतून माणसाला होणारा लिव्हर फ्लूक (यकृताच्या पित्तनलिकांत राहणारा चपटा कृमी) आणि त्यातून उद्भवणारा पित्तनलिकेचा कर्करोग याच भागात जगात सर्वाधिक आढळतो, असे वाचनात आले. धरणाचा याच्याशी कितपत संबंध आहे? उजनीचे मासे खाणाऱ्या आमच्यासारख्यांनी काळजी करावी का?

जीवशास्त्र शिक्षिका
संबंध आहे, पण तो भिंतीपेक्षा कालव्यांशी अधिक आहे. ऑपिस्थॉर्किस विव्हेरिनी या कृमीची अंडी माणसाच्या, कुत्र्याच्या किंवा मांजराच्या विष्ठेतून पाण्यात येतात, बिथिनिया नावाच्या लहानशा गोगलगाईच्या पोटात जातात, तिच्यातून बाहेर पडलेल्या अळ्या कार्प कुळातील माशांच्या मांसात कोष करून बसतात आणि असा मासा कच्चा खाल्ला की कृमी पित्तनलिकांत वाढतो. ही गोगलगाय खोल पाण्यात नव्हे, तर भातखाचरांत, चरांत आणि काठालगतच्या उथळ, संथ पाण्यात फोफावते. एरवी पावसाळा सरला की आटणाऱ्या अशा जागा कालव्यामुळे उन्हाळ्यातही ओल्या राहिल्या, तर तिला बारमाही आसरा मिळतो. त्यातच जलाशयाकाठी वस्ती आणि मासेमारी वाढते. शौचालये मात्र त्या वेगाने वाढतातच असे नाही.

खवय्या
तरीही सारे खापर धरणावर फोडू नये. हा कृमी तेथे धरणापूर्वीही होता, कारण ‘कोई प्ला’ हा पदार्थ होता: ताजे छोटे मासे बारीक चिरायचे, त्यांत लिंबाचा रस, मिरची आणि भाजलेल्या तांदळाची भरड कालवायची आणि लगेच खायचे. लिंबाने मांस पांढरे पडते, पण आतला कोष मरत नाही. प्राझिक्वांटेल हे औषध कृमी मारते, परंतु गोळी घेऊन माणूस पुन्हा त्याच ताटावर बसला की लागण पुन्हा होते; औषधामुळे लोक उलट निर्धास्त होतात, असे मला वाटते.

सोव्हिएत अभ्यासक
व्होल्गेवरील आणि सायबेरियातील जलाशयांचे उदाहरण वेगळे आहे. तेथे माशांतून येणाऱ्या लांब पट्टकृमीचा प्रसार झाला आणि त्यात गोगलगाईचा काहीच भाग नव्हता. वाहती नदी संथ झाल्यावर सूक्ष्म कवचधारी जीव वाढले, ते पाइक व पर्च या माशांपर्यंत कृमी पोहोचवू लागले आणि पाइकची अर्धवट खारवलेली गाबोळी खाण्याच्या सवयीने साखळी पूर्ण झाली.

जीवशास्त्र शिक्षिका
उजनीच्या माशांबद्दल सांगायचे, तर नीट उकळलेल्या कालवणात किंवा आतपर्यंत तळलेल्या तुकडीत हे कोष जिवंत राहत नाहीत. कच्चाच खायचा असेल, तर मासा उणे २० अंश सेल्सियसला ७ दिवस गोठवावा लागतो. घरच्या फ्रीजरवर मी तरी विसंबणार नाही. आपल्या मेंढपाळांना ठाऊक असलेला मेंढ्यांचा लिव्हर फ्लूक ही निराळी जात असून तो चाऱ्यातून येतो, माशांतून नव्हे.