शिंदळ माकुडीचं लोकेशन टाकायचं की नाही?

कडेकपारी: परवा एका ग्रुपवर कुणीतरी शिंदळ माकुडीचा, म्हणजे कड्यांवर उगवणाऱ्या एका दुर्मिळ वनस्पतीचा फोटो टाकला, सोबत किल्ल्याचं नाव, कुठल्या दरवाज्यावरचा कडा, सगळंच. कळकळीची विनंती आहे, असं करू नका. ही फक्त आपल्या सह्याद्रीत उगवते, तीही शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणी, आययूसीएनने, म्हणजे निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, एकेकाळी जगातल्या सगळ्यात धोक्यातल्या 12 वनस्पतींत धरलेली. फांदी खोचली की कुंडीत जगते, म्हणून लोक उपटून नेतात, आणि तेच तिच्या मुळावर आलंय. दोन वर्षांपूर्वी ज्या कपारीत मी तिची लालबुंद चांदणीसारखी फुलं बघितली, पिवळ्या नक्षीची, तिथे गेल्या पावसाळ्यात नुसती खरवडलेली माती होती.

गडवाट: ताई, वाचून वाईट वाटलं पण पटत नाही. आम्ही गडावर साफसफाई करतो, तटावरची झुडपं काढतो. उन्हाळ्यात हिची पानं गळून नुसते जाड मांसल दांडे उरतात, मला तो निवडुंगाचाच प्रकार वाटायचा, चार-पाच तरी मीच उपटून फेकले असतील. एका सरांनी दाखवल्यावर कळलं काय केलं ते. आता आमची पोरं त्या बाजूला कोयता नेत नाहीत. लपवून ठेवलं असतं तर?

कडेकपारी: दादा, सरांनी तुम्हाला जागेवर नेऊन दाखवलं, हजारो अनोळखी लोकांना पत्ता नाही वाटला. फरक आहे.

माळरान: पण घरोघरी कुंडीत लावली तर वाचेलच ना?

कडेकपारी: एकाच झाडाच्या शंभर फांद्या लावल्या तरी झाड एकच हो. कड्यावर माशा येतात, परागीभवन होतं, शेंग तडकून बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं आणि दुसऱ्या भेगेत रुजतं, त्यातून नवी वेगळी रोपं येतात. गॅलरीत ते कुठून होणार? नर्सरीत वाढवून कड्यावर परत लावतात ते काम चांगलंच आहे, पण म्हणून कड्यावरची ओरबाडायची का?

गडवाट: ओरबाडणाऱ्यांच्या बाजूने मी नाहीच. पण वणवा लावणारा, शेळ्या नेणारा, पायवाट रुंद करणारा ठेकेदार, यांना कोण सांगणार?

कडेकपारी: त्यांना तोंडी सांगू, वनखात्याला नेमकी जागा देऊ. फोटोखाली फक्त तालुका लिहा. ऑगस्टमध्ये तुमच्या टीमला दाखवायला मी स्वतः येते.

गडवाट: या नक्की. पण गडाचं नाव तरी राहू द्या ताई, उद्या तिथे रोपवेचं काम निघालं तर हरकत घेताना गावकरी काय दाखवणार?