नर्मदा परिक्रमा : विमलेश्वरची नाव की अंकलेश्वरला थांबा?

कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने एकटाच पायी निघतोय. रोजचे टप्पे ठरवलेले नाहीत. पाय नेतील तितकं चालायचं, मिळेल त्या आश्रमात पथारी. सदावर्त (परिक्रमावासींना मिळणारा शिधा), थंडी, शूलपाणीची झाडी (वाटेतलं जंगल) हे सगळं जाऊन आलेल्यांना विचारून झालंय. अडलंय ते समुद्रापाशी, जिथे दक्षिण तटावरच्या विमलेश्वरहून नावेने नर्मदेचं मुख ओलांडून उत्तर तटाला जायचं असतं. रजा ४० दिवसच, म्हणून परिक्रमा खंडाखंडाने करणार. नाव सुटते भरतीवर, आणि मी विमलेश्वरला कधी पोचेन ते मैयालाच ठाऊक! गाडीने मधला टप्पा गाळायचा नाही. दोघांना विचारलं, तर उत्तरं दोन तऱ्हेची. अलीकडे गेलेल्यांनी सांगा: नावेसाठी किती दिवस थांबावं लागलं? की विमलेश्वरच्या आधी लागणाऱ्या अंकलेश्वरलाच खंड करून पुढच्या वर्षी तिथूनच उचलणं बरं?