प्रिन्स अल्बर्ट : जिथे सगळे फक्त पेट्रोल भरायला थांबतात, त्या शहराचे अनुभव

उजनीकाठ :

गेल्या रविवारी नातवंडांना घेऊन भिगवणला गेलो होतो. उजनीच्या फुगवट्यात नाव उभी करून नावाडी रोहित पक्ष्यांचा थवा दाखवत असताना धाकट्या नातीने विचारले, "आबा, तुमचे कॅनडातले पक्षी यांच्याहून मोठे होते का?" आणि काही वर्षांपूर्वीचा एक जून महिना एकदम डोळ्यांसमोर उभा राहिला. हा धागा त्या प्रश्नामुळे काढतो आहे.

मुलगी तेव्हा सस्कॅचेवान प्रांतातल्या प्रिन्स अल्बर्ट येथे नोकरीला होती. वस्ती सुमारे 37,000, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. तरीही प्रांतातले ते तिसऱ्या क्रमांकाचे शहर. दक्षिणेला नजर पोहोचेल तिथवर गहू आणि कनोलाची शेते, मधून वाहणारी नॉर्थ सस्कॅचेवान नदी, आणि पूल ओलांडून थोडे पुढे गेले की पाइन आणि स्प्रूसचे रान. तिथून साधारण 90 किलोमीटरवर वास्कसू हे राष्ट्रीय उद्यानातले तळ्याकाठचे गाव आहे. त्यामुळे होते असे, की उद्यानाला निघालेली माणसे प्रिन्स अल्बर्टमध्ये पेट्रोल, बर्फ आणि डासांचे मलम घेण्यापुरती थांबतात आणि शहर पाहिले असे सांगत नाहीत.

मुलगी कामावर गेली की मला दिवसभर दुसरे काही नसे, म्हणून मी रोज सकाळी नदीकाठच्या पायवाटेने चालत असे. एके दिवशी दहा-बारा पांढरे पेलिकन पाण्यावर अर्धवर्तुळ करून मासे उथळाकडे हाकताना दिसले. घेरा पुरता आवळला की सगळ्यांच्या चोची एकदम पाण्यात जात आणि एकदम वर येत, जणू कोणी टाळ दिला आहे. आवाज मात्र एकाचाही नाही. उडाले तेव्हा पंखांच्या काळ्या कडा दिसल्या. उद्यानातल्या लावाली नावाच्या तळ्यात त्यांची मोठी वसाहत आहे, पण विणीला त्रास होऊ नये म्हणून तिकडे लोकांना जाऊ देत नाहीत. ज्यांना शहरात थांबायचे नसते, त्यांना हे पक्षी बहुधा दिसतही नसावेत.

आपल्यापैकी कोणी त्या शहरात किंवा त्या बाजूला राहिले असेल, तर अवश्य लिहावे.

चालत_राहा :

ग्रे आउलच्या झोपडीपर्यंत कोणी गेले आहे का, असे कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो : मी गेलो आहे आणि पुन्हा जाणार नाही. गाडीचा रस्ता किंग्जमियर तळ्याच्या अलीकडे संपतो आणि तिथून एका बाजूचे 20 किलोमीटर चालावे लागते. होडीने जाणाऱ्यांसाठी नदीच्या उथळ भागाला वळसा घालणारे लोखंडी रूळ आहेत; होडी ढकलगाडीवर चढवायची आणि आपणच ढकलत न्यायची. आम्ही शहाणपणा करून चालत गेलो. मुक्कामाच्या जागी अन्न अस्वलाच्या आवाक्याबाहेर ठेवावे लागते, आणि माझ्या पिशवीत घरून आलेले लसणाचे तिखट होते, त्यामुळे सोबत्यांनी ती पिशवी सर्वांत उंच ठेवायला लावली.

हा ग्रे आउल स्वतःला तिथला आदिवासी म्हणवून घेत असे, जंगल आणि बीव्हर (पाण्यात फांद्यांचे घर बांधणारा प्राणी) वाचवा म्हणून लिहीत आणि व्याख्याने देत असे. 1938 मध्ये तो गेल्यावर उघड झाले, की तो इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जचा आर्ची बेलेनी होता. इतके चालल्यावर मला त्याचा रागच यायला हवा होता, परंतु आजवान तळ्याच्या काठी ती बुटकी झोपडी पाहिली, बीव्हरांनी आपले घर थेट तिच्या आत आणून बांधले होते ती जागा पाहिली, आणि राग पायांतल्या फोडांवरच निघाला.

धरणाची_भिंत :

पाटबंधारे खात्यात 34 वर्षे काढून निवृत्त झालो आहे. मुलगा त्याच प्रांतातल्या सॅस्कटून शहरात असतो. तो मला कौतुकाने सस्कॅचेवान नदीच्या दक्षिण शाखेवरचे गार्डिनर धरण दाखवायला घेऊन गेला. 64 मीटर उंच आणि सुमारे 5 किलोमीटर लांब मातीचे धरण 1967 मध्ये पूर्ण केले, हे काम थोर आहे यात शंका नाही. पण माझ्या मनात राहिले ते प्रिन्स अल्बर्टच्या पूर्वेला असलेले अर्धे धरण.

ला कोल फॉल्स हे त्या जागेचे नाव. 1912 मध्ये शहराने ठरवले, की नदी अडवून स्वस्त वीज करायची म्हणजे कारखाने आपोआप येतील. कर्जरोखे काढले, काम सुरू झाले, आणि 1913 मध्ये पैशाचा बाजार आटल्यावर ते जिथे होते तिथेच थांबले. शहर दिवाळखोरीच्या उंबऱ्यावर पोहोचले आणि त्या न झालेल्या धरणाचे कर्ज 1960 च्या दशकापर्यंत फेडत राहिले. म्हणजे ज्यांनी स्वप्न पाहिले त्यांच्या नातवंडांनी हप्ते भरले. आजही काँक्रीटची भिंत एका काठावरून निघते, नदीत मध्यावर येते आणि संपते. पाणी तिच्या बाजूने काहीच घडले नसल्यासारखे निघून जाते. मी काँक्रीटवर हात फिरवून पाहिला, काम चांगले आहे. अर्धवट भिंती आमच्या खात्यातही मी पाहिल्या आहेत, त्यांची नावे इथे लिहीत नाही.

तिथले लोक आणखी एक गोष्ट हसून सांगतात, की प्रांतात विद्यापीठ आणि तुरुंग वाटून द्यायची वेळ आली तेव्हा सॅस्कटूनने विद्यापीठ घेतले आणि यांनी तुरुंग घेतला. खरेखोटे देव जाणे, पण तुरुंग 1911 पासून तिथे आहे.

लातूरची_लेक :

धरणाची गोष्ट निघाली म्हणून पाण्याची सांगते. घाईत लिहीत आहे, कुकरच्या दोन शिट्ट्या व्हायच्या आहेत.

2016 च्या उन्हाळ्यात आम्ही प्रिन्स अल्बर्टमध्ये होतो आणि माझी आई लातूरहून आली होती. ते वर्ष लातूरकरांना सांगायला नको. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले होते, आणि आई ती रांग, ते हंडे, टँकरवरची भांडणे सगळे सोसून मे महिन्यात माझ्याकडे पोहोचली होती. नदी पाहिल्यावर पहिले दोन दिवस ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "एवढं पाणी, आन् कोणी बघंना सुद्धा."

जुलैमध्ये वरच्या अंगाला एका कंपनीची तेलवाहिनी फुटून तेल नदीत आले आणि शहराने नदीतून पाणी उचलणे बंद केले. अंगणाला पाणी घालायचे नाही, गाड्या धुवायच्या नाहीत, जपून वापरा, अशा सूचना येऊ लागल्या. शेजारपाजारचे लोक गोंधळून गेले आणि आमची आई एकदम तरतरीत झाली. तिने घरातली पातेली, डबे, बादल्या सगळे भरून झाकून ठेवले, तांदूळ धुतलेले पाणी टोमॅटोच्या कुंड्यांना, भांडी विसळलेले पाणी संडासाला, अशी वाटणी लावून दिली आणि शेजारच्या कॅनेडियन बाईला हातवाऱ्यांनी तेच शिकवले. नंतर शहराने दक्षिणेकडच्या दुसऱ्या नदीपासून सुमारे 30 किलोमीटर नळी जमिनीवरून टाकून पाणी आणले. ती नळी पाहायला आईने मुद्दाम गाडी थांबवायला लावली होती. "आपल्याला रेल्वे, यांना नळी," एवढेच म्हणाली.

सप्टेंबरमध्ये सगळे पूर्ववत झाले, पण तोवर ती परत गेली होती. शेजारीण अजून तिची चौकशी करते.

उजनीकाठ :

लेकी, तुझ्या आईंना माझा नमस्कार सांग. मी रोज त्याच नदीकाठी फिरत होतो, पण हे माझ्या परत येण्यानंतरचे असल्यामुळे मुलीकडून फोनवर ऐकले होते, इतकेच.

गोठलेला_गोंयकार :

आपण सर्वजण उन्हाळ्याविषयी लिहीत आहात, हे सूज्ञपणाचे आहे. मी जानेवारीत पोहोचलो. पहिल्याच संध्याकाळी घरमालकाने विचारले, "गाडी प्लगला लावलीस का?" माझी गाडी पेट्रोलची असल्यामुळे तो थट्टा करतो आहे असे समजून मी हसलो आणि सकाळी ती सुरूच झाली नाही. इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची वायर गाडीच्या तोंडातून बाहेर लोंबत असते, हे म्हापशात कोण सांगणार? उणे 40 ला सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच होतात, हे शाळेत पाठ केले होते. तिथे ते नाकातल्या केसांना कळले. एक सोय मात्र मानली पाहिजे : तो भाग घड्याळे मागेपुढे करीत नाही, त्यामुळे आमच्याहून साडेअकरा तासांचे अंतर बाराही महिने तेच राहते आणि आईला फोनची वेळ एकदा सांगितली की पुरते.

जांभूळपाक :

सॅस्कटून हे बोराएवढ्या, खरे तर त्याहूनही लहान अशा एका जांभळ्या फळाचे नाव आहे, आणि तिथल्या क्री आदिवासींच्या भाषेतल्या मिसास्क्वातोमिना या शब्दावरून ते आले आहे, हे कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. जुलैत प्रिन्स अल्बर्टच्या आसपास झुडपे लगडलेली असतात. जीभ जांभळासारखी रंगते, पण तुरटपणा नाही आणि बी चावली तर किंचित बदामाची चव येते. मी त्याचा मुरांबा केला होता, वेलची घालून. लसणाच्या तिखटाबरोबर कसा लागेल ते चालत_राहा यांनी सांगावे.

चालत_राहा :

अस्वलाला विचारून कळवतो.

प्रश्नचिन्ह :

आईवडील सप्टेंबरमध्ये येत आहेत, दोघेही सत्तरीचे आहेत. वास्कसूला नेले तर झेपेल का, की डास आणि थंडी यांतच दिवस जातील?

उजनीकाठ :

अवश्य न्यावे. डास कमी झालेले असतात, ॲस्पेनची पाने पिवळी होतात आणि तळ्याकाठी सपाट वाटा आहेत. मात्र ते दिवस एल्क या मोठ्या हरणांच्या नरांच्या माजाचे असतात आणि हे प्राणी गावात घरांच्या मधून फिरतात, तेव्हा फोटोच्या मोहाने जवळ जाऊ नये. 30 मीटर अंतर राखावे असा नियम आहे, अस्वल दिसले तर 100 मीटर. आणि परतताना प्रिन्स अल्बर्टमध्ये एक रात्र राहावे, नुसते पेट्रोल भरून निघू नये.

नातीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते. उंचीला रोहित मोठा, अंगाने आणि पंखांनी पेलिकन मोठा. त्याचे पंख पसरले तर जवळपास नऊ फूट भरतात, असे मी तिला सांगितले. तिला ते पटलेले नाही, तिला फोटो हवा आहे, आणि माझे फोटो त्या वेळच्या फोनबरोबर गेले. कोणाकडे त्या नदीवरचे पेलिकन असतील तर इथे टाकावेत.