रोटोकासमध्ये म आणि न खरंच नाहीत का?

रानपाखरू: पापुआ न्यू गिनीतल्या बुगनविल बेटावरच्या रोटोकास भाषेबद्दल दोन दिवस वाचतोय, सगळीकडे तेच, जगातल्या सगळ्यात छोट्या वर्णमालांपैकी एक, १२ अक्षरं, म न वगैरे अनुनासिकं नाहीतच. आणि आता एका ठिकाणी आइता नावाची बोली दिसली, तिच्यात म्हणे म न आहेत!! मग नक्की खरं काय?

ओवी: दोन्ही खरंय. ते १२ अक्षरांचं प्रकरण मध्य रोटोकास बोलीचं आहे. तिच्यात व्यंजनं सहाच, प त क आणि त्यांचे घोष (म्हणजे कंठ कंप पावून निघणारे) जोडीदार ब द ग. ब म्हणा नाहीतर व म्हणा, शब्द तोच राहतो, द आणि र चं पण तसंच. अक्षरांत एक स आहे पण तो इ च्या आधी येणारा त च असतो. आइतात मात्र नऊ व्यंजनं, कारण तिथे म न ङ स्वतंत्र आहेत, बदलले की अर्थ बदलतो.

रानपाखरू: ओके, पण मग मूळ कुठलं? आइतावाल्यांनी म नंतर आणला की मध्यवाल्यांनी घालवला?

उंबरठा: घालवला. भाषाशास्त्रज्ञ स्टुअर्ट रॉबिन्सन यांनी २००६ मध्ये हेच मांडलंय. मध्य बोलीत जिथे एकच ब-व आहे तिथे आइतात कधी ब येतो कधी म, आणि कुठे काय येणार हे मध्य बोलीवरनं सांगताच येत नाही. आपल्याकडे बघा ना, जो मन आणि मण दोन्हीला 'मन'च म्हणतो त्याच्या बोलण्यावरनं ण कुठे होता हे कसं कळणार, पण ण-न वेगळं बोलणाऱ्याला दोन्ही शब्द सरळ कळतात. दोन आवाज मिसळून एक होणं सोपं, एकाचे विनाकारण दोन होणं अवघड.

ओवी: +१. आणि मध्य बोलीवाल्यांना म न म्हणता येत नाही असं अजिबात नाही हां, परका माणूस रोटोकास कशी बोलतो त्याची नक्कल करताना ते अनुनासिकं काढतात अशी नोंद आहे. मला ही गोष्ट फार आवडते. बोलणारे सगळे मिळून चारेक हजार, त्यात पण बोली, म्हणून 'रोटोकासमध्ये म नाही' असं कोणी लिहिलं की मला आइतावाल्यांसाठी वाईट वाटतं.

रानपाखरू: माझ्या वहीत दुरुस्त केलं, 'मध्य रोटोकास' लिहिलं. आता बेटाच्या दक्षिणेकडची नासिओई वाचायला घेतो, ती पण पापुअनच ना, म्हणजे नात्यातली असेल?

उंबरठा: नाही, तिथेच घोळ होतो. पापुअन हे एक कुटुंब नाहीच, त्या भागातल्या ज्या भाषा ऑस्ट्रोनेशियन (मलय, हवाईयन वगैरेंचं मोठं कुटुंब) नाहीत त्या सगळ्यांना मिळून ते नाव आहे. रोटोकास उत्तर बुगनविल कुटुंबातली, नासिओई दक्षिण बुगनविलमधली, दोन्ही कुटुंबं वेगळी धरतात. वाचा मात्र नक्की.