विषय: ताईंच्या बॅगा – वजन आजच ठरवू या

नाना (मुलुंड):
मंडळी, ताईंचं विमान सोमवारी रात्री. २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात, त्यातली एक त्यांच्या कपड्यालत्त्याची. दुसरीसाठी कालपर्यंत माझ्याकडे ११ घरांचे डबे आले. एकेक काट्यावर ठेवून बघितला, १९ किलो ४०० ग्रॅम भरले! पुस्तकं कुठे ठेवायची? ८४वं वर्ल्डकॉन, म्हणजे जागतिक विज्ञानकथा संमेलन आहे, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला, २७ ते ३१ ऑगस्ट. शुक्रवारी इंग्रजीबाहेरच्या विज्ञानकथेवर परिसंवाद, शनिवारी अनुवादावर, रविवारी ताईंचं कथावाचन. तिन्ही वेळा पुस्तकं हाताशी हवीत. मला १२ किलो मोकळे करून द्या. दिवाळीच्या वेळचा घोळ पुन्हा नको.

माई (डोंबिवली):
नाना, माझा डबा ८०० ग्रॅमचाच आहे हो. नारळाच्या वड्या. २८ला नारळी पौर्णिमा, लेकीने भावासाठी राखीही दिली आहे. सहा वर्षं झाली, पौर्णिमेला तो घरी नाही. आणि त्या दिवशी ग्रहण आहे म्हणतात, मग राखी बांधायची कधी? पुस्तकं हल्ली मोबाईलवर वाचतात ना?

अण्णा (दादर):
माई, निर्धास्त बांधा. ग्रहणाचा मध्य आपल्याकडे २८ला सकाळी पावणेदहाच्या सुमारास, चंद्र तोवर मावळलेला. जे दिसत नाही ते पाळायचं नाही. अनाहाइमला मात्र २७च्या रात्री सव्वानऊला जवळजवळ सगळा चंद्र सावलीत जाईल. ताई, पहिल्याच दिवशी आहे, बाहेर येऊन नक्की बघा.
परिसंवादात जयंत विष्णू नारळीकरांची गोष्ट सांगा. केंब्रिज सोडून १९७२ला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेले एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण १९७४ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने उतरले. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! पहिलं बक्षीस मिळालं ते कथेला, नावाला नाही. तिकडच्या लोकांना हे कळायलाच हवं. माझ्याकडचे जुने दिवाळी अंकही न्या, फार तर चार किलो होतील.

नाना (मुलुंड):
अण्णा, मी वजन कमी करायला सांगतोय.

बंडू (अर्वाइन, कॅलिफोर्निया):
ताईंना घ्यायला मी विमानतळावर येतो. खाण्याचं काहीही असलं तरी कस्टम्सला आधी सांगावं लागतं, हे डबे देणाऱ्यांनी लक्षात घ्या. ११ डबे उघडून दाखवायचे म्हणजे तासभर गेलाच. माझ्या आईच्या वेळी मेतकुटाच्या पुडीवरून केवढी चौकशी झाली होती! दुसरं, ताईंच्या टेबलावर इथल्या मराठी मंडळाचा फलक लावायचा नाही. कार्यकारिणीत तो विषय आलेलाच नाही. शनिवारचं सत्र इथे सकाळी १०ला, म्हणजे तुमच्याकडे रात्री साडेदहा. तेव्हा ताईंना फोन करू नका.

अण्णा (दादर):
फलकाचं मंडळाने ठरवावं, पण ‘मराठी’ हा शब्द टेबलावर हवा. कार्यकारिणीला विचारून लिहायचा शब्द नाही तो.

ताई (विलेपार्ले):
सगळ्यांचे आभार. माई, मोबाईलचं विचारलंत म्हणून सांगते. २०२४ला ग्लासगोच्या वर्ल्डकॉनला मी दोनच प्रती नेल्या होत्या. परिसंवाद संपला की माणसं उठून जात नाहीत, पुढे येतात, वेळ दहाच मिनिटं मिळतो, कारण पुढच्या सत्राची मंडळी दारात उभी असतात. एक पंचविशीतली मुलगी आली. तिने पान उघडलं आणि शिरोरेघेवरून डावीकडून उजवीकडे बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘एक वाक्य वाचून दाखवता?’ मी वाचलं. ते पान तिला देता आलं नाही, ती प्रत आधीच दुसऱ्याला कबूल केली होती. परत येताना विमानात मला तेच आठवत होतं.
म्हणून आता जाड पुस्तकं नेतच नाही. एकच कथा, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, सोळा पानी पुस्तिका. दादरच्या छापखान्यातून कच्ची प्रत आली, ४० ग्रॅम भरली. १५० प्रती म्हणजे सहा किलो. वरच्या कव्हरवर ‘मराठी विज्ञानकथा’ एवढंच मोठ्या अक्षरात, त्यामुळे फलकही लागणार नाही. अण्णा, अंक ठेवा, पण नारळीकरांची गोष्ट पहिल्याच पानावर चार ओळींत घेतली आहे. शुक्रवारी माझी सुरुवातही तीच असेल.
डब्यांचं नाना म्हणतील तसं. राख्या मात्र मी हातातल्या पर्समध्ये नेणार, सगळ्यांच्या द्या.

नाना (मुलुंड):
मग पुस्तिकांचे सहा, खोक्याचं अर्धा किलो. उरतात साडेसोळा. म्हणजे तीन किलो कमी करायचेत. भाजणीचे दोन मोठे डबे ज्यांचे आहेत त्यांनी अर्धे परत न्या, मी नाव लिहीत नाही.

माई (डोंबिवली):
राखी पाकिटात घालून देते. वड्यांच्या निम्म्या काढून घेते, ४०० ग्रॅम माझे धरा. नाना, उद्या मेगाब्लॉक आहे का हो? मुलुंडला स्लो गाडी थांबत असेल तर सकाळीच येते.